खोली घुमते की स्पीकर फाटतो? ध्वनिदुरुस्तीचे पर्याय निवडताना

डग्ग्यावर थाप पडली की अख्खी खोली घुमते, पण तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ स्वच्छ ऐकू येतो, तर दोष खोलीचा. आवाज वाढवला की तार षड्ज खरखरीत होतो आणि कमी केला की पुन्हा नितळ, तर दोष स्पीकरचा किंवा ॲम्प्लिफायरचा. पैसे टाकण्याआधी एवढं ओळखा, कारण ‘रूम करेक्शन’, म्हणजे खोलीत माइकने मोजून त्याप्रमाणे आवाज दुरुस्त करणं, हे पहिल्या दुखण्यावरचं औषध आहे, दुसऱ्यावरचं नाही.

आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती खर्ज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. माझी खोली १२ बाय १० फूट. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद (खोलीच्या मापामुळे जो स्वर घुमतो तो) ४७ हर्ट्झला येतो, दुसरा ९४ ला. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर दोन्ही फुगून ऐकू येतात. मधोमध बसलात तर ४७ हर्ट्झ जवळपास गायब. फुगवटा इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, कापता येतो. खड्डा मात्र भरत नाही. १० डेसिबल वाढवायला दहापट वॅट लागतात, आणि वाढवलेला ध्वनीही भिंतीवरून उलटून आलेल्या ध्वनीशी तसाच खोडला जातो. तिथे खुर्ची फूट-दीड फूट सरकवून बघा. फुकट आहे.

आता फुगवटे कापायचे कशाने?

संगणकावरून ऐकत असाल आणि ऐकणारे तुम्ही एकटेच असाल, तर माझं मत स्वतः मोजण्याच्या बाजूने आहे. ‘रूम इक्यू विझार्ड’ हे मोजमापाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विंडोजवर फिल्टर लावणारं ‘इक्वलायझर एपीओ’ही फुकट. खर्च फक्त माइकचा. मिनीडीएसपीचा यूमिक-१ बरा, कारण प्रत्येक माइकची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या स्वतःच्या चुकांची नोंद) त्याच्या अनुक्रमांकावरून उतरवून घेता येते. एक रविवार जाईल, पण आपल्या खोलीचा स्वभाव कळेल. धोका एकच: आलेख सरळ करण्याचा नाद लागतो. दोन-तीन मोठे फुगवटे कापा आणि थांबा. टीव्हीचा आवाजही सुधारायचा असेल तर हा मार्ग अपुरा, मध्ये ध्वनीवर असे फिल्टर लावणारी वेगळी डीएसपी पेटी जोडावी लागते.

डेनॉन किंवा मरांट्झचा रिसीव्हर घरात असेल तर त्यातली ऑडिसी ही रूम करेक्शनची तयार सोय आधी वापरून बघा. माइक खोक्यातच येतो, मॉडेलनुसार सहा ते आठ जागी मोजमाप होतं, काम अर्ध्या तासात उरकतं. माझी तक्रार वेगळी आहे. मुळात ती वरच्या पट्ट्यापर्यंत सगळं दुरुस्त करायला जाते, शिवाय २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम एक खळगा ठेवते, त्यामुळे कधीकधी गळा मागे ढकलल्यासारखा वाटतो. दोन्ही आवरायला मोबाइलवरचं वेगळं ॲप विकत घ्यावं लागतं. मी म्हणेन, घ्या.

स्वीडनच्या उप्सालातली डिराक लाइव्ह ही रूम करेक्शनची विकत मिळणारी प्रणाली ध्वनीच्या पातळीबरोबर त्याची वेळही सुधारते. बसायच्या जागा अनेक असतील किंवा सबवूफर (फक्त खर्जासाठीचे वेगळे स्पीकर) दोन असतील तर तिचा फायदा दिसतो. मूळ करेक्शनचा परवाना दोन प्रकारचा: ५०० हर्ट्झपर्यंतचा आणि पूर्ण पट्ट्याचा. छोट्या खोलीला पहिला पुरे. साधारण २५० हर्ट्झच्या खाली राज्य खोलीचं असतं. त्याच्या वर आपला कान स्पीकरमधून थेट आलेला ध्वनी परावर्तनांपासून बराच वेगळा काढतो, माइक मात्र दोन्हींची बेरीज मोजतो. ती बेरीज सरळ करायला जाल तर चांगला स्पीकर बिघडवून बसाल. डिराक तुमच्या यंत्रावर चालते का, हे मात्र परवान्याआधी बघा.

आणि भिंतीवरचा फोम? ४७ हर्ट्झची तरंगलांबी ७.३ मीटर, दोन इंची फोम तिला काय अडवणार! अंड्यांच्या ट्रेचं तर नावच नको. पण टाळी वाजवल्यावर उठणारा झणझणाट कुठलंही सॉफ्टवेअर काढू शकत नाही. त्याला गालिचा, जाड पडदे आणि भरलेलं पुस्तकांचं कपाटच हवं.

राहिला स्पीकरचा फाटणारा आवाज. बंद पेटीतल्या पाच इंची वूफरकडून (खर्ज वाजवणाऱ्या भागाकडून) तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल, तर त्याच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. कॉइल चुंबकाच्या फटीबाहेर सरकते, कडा ताठरते आणि मूळ ध्वनीत नसलेले स्वर मिसळतात. साधा इक्वलायझर ते काढू शकत नाही. खर्ज वाढवलात तर उलट भर घालतो. ड्रेस्डेनच्या क्लिपेल कंपनीचं तंत्र कॉइलमधला विद्युतप्रवाह सतत वाचून ही विकृती आधीच उलटी करून सिग्नलमध्ये घालतं. काम हुशारीचं आहे, पण ते उत्पादकाने ॲम्प्लिफायरमध्येच बसवावं लागतं; घरच्या जुन्या जोडीवर आपण चढवू शकत नाही. अशा वेळी करेक्शनच्या परवान्याचे पैसे सबवूफरकडे वळवा आणि ८० हर्ट्झच्या खालचा भार त्याच्यावर टाका, म्हणजे छोटा वूफर मोकळा होईल. सबवूफर आल्यावर माइक पुन्हा उभा करावा लागेल, कारण सबवूफर कोपऱ्यात ठेवला की माझ्यासारख्या खोलीत लांबीचा ४७ आणि रुंदीचा ५६, दोन्ही अनुनाद पूर्ण जोरात उठतात.