‘कॉन्स्टंटाइन, अस्सल’: सराफ्यातलं रोमन नाण्यांचं पाकीट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सराफ्यात एका दुकानात उत्तरकालीन रोमन ब्राँझची, साफ न केलेली दहा नाणी एका पाकिटात मिळतात. किंमत दीड हजार. चिठ्ठी सगळ्यांवर एकच: ‘कॉन्स्टंटाइन, अस्सल’. अस्सल बहुतेक आहेत, सम्राट कॉन्स्टंटाइनची मात्र दोन-तीनच.

चिठ्ठी बाजूला ठेवा आणि नाणं मागच्या बाजूने वाचायला घ्या. या काळात सम्राटांचे चेहरे एकाच साच्यातले असतात; चित्र मात्र घासलं तरी ओळखू येतं. दोन शिपाई आणि मध्ये दोन निशाणं असतील तर इ.स. ३३० ते ३३५. निशाण एकच असेल तर त्यानंतरचं, वजनही अडीच ग्रॅमवरून दीडच्या आसपास उतरलेलं. लांडगी आणि दोन बाळं दिसली तर पुढच्या बाजूला सम्राट शोधू नका, तिथे शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम नगराची देवता असते. पडत्या घोडेस्वाराला भाला मारणारा शिपाई ३४८ नंतरचा. जेमतेम १३ मिमीच्या नाण्यावर कैद्याला फरफटवणारी पंखवाली विजयदेवता म्हणजे शतकाची अखेर.

नावात घोळ होतोच. कॉन्स्टंटिनुस (म्हणजेच कॉन्स्टंटाइन), कॉन्स्टंटियुस आणि कॉन्स्टन्स या सम्राटांच्या नावांची पहिली सात रोमन अक्षरं सारखी, त्यामुळे शेवट वाचल्याशिवाय निकाल देऊ नये. टांकसाळीची खूण मागच्या बाजूला, तळाच्या रेघेखाली: ‘एएनटी’ अंटिओक, ‘एएलई’ अलेक्झांड्रिया. फसवतं ते ‘सीओएनएस’. त्यामागे ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टंटिनोपल. पण आधी ‘पी’ किंवा ‘एस’ आणि शेवटी ‘टी’ असेल तर ते नाणं गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या आर्लचं.

पाकिटात नंदी किंवा त्रिशूळ असलेला इवलासा तुकडाही निघतो. तो रोमन नाही, पद्मावतीच्या नाग राजांचा, म्हणजे ग्वाल्हेरजवळच्या आपल्या पवायाचा. ब्राह्मीत ‘महाराज श्री गणेंद्र’ दिसलं तर त्यांच्यातला राजा गणपतीनाग. काळ साधारण तोच आणि आकारही तसाच, म्हणून मिसळतात. खरं सांगायचं तर पाकिटातली सर्वांत मजेची वस्तू हीच.

साफ करायला डिस्टिल्ड पाणी, दर दोन-तीन दिवसांनी बदललेलं, मऊ ब्रश आणि बांबूची काडी. चिंच, लिंबू, पितांबरी अजिबात नको: अक्षरांचा उठाव बऱ्याचदा गंजाच्या थरातच टिकलेला असतो, आम्लाने तो थरच जातो. नाणं धुऊन, वाळवून मगच वजन करा, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर.

दुकानाची प्लास्टिकची मऊ पाकिटंही वाईट. त्यातला पीव्हीसी काही काळाने चिकट होतो आणि नाण्यावर हिरवा डाग सोडतो. घरी आणल्यावर नाणी कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत ठेवा.

दुकानदार पाकीट उघडून दाखवतो, पण एकदा घेतलेलं बदलून देत नाही. तेव्हा दहापट भिंग आणि लहान टॉर्च घेऊनच जा, उजेड बाजूने तिरका टाका. नखाने खरवडल्यावर फिकट हिरवी भुकटी सुटली तर तो क्लोराइडचा रोग आहे, पावसाळ्याच्या दमटपणात वाढतो. असं नाणं पाकिटात असेल तर दुसरं पाकीट मागा.