पाच लिटर व्हिनेगर आणि नागपूरचा एक उन्हाळा

घरातील तीव्र क्लीनर कमी करावेत, या हेतूने मार्चअखेरीस इतवारीतील एका किराणा दुकानातून पांढऱ्या व्हिनेगरचा पाच लिटरचा कॅन सव्वादोनशे रुपयांना आणला. दुकानदाराने तो ‘एकदम नैसर्गिक’ म्हणून दिला. लेबलवर मात्र ‘सिंथेटिक’ असे छापलेले होते. म्हणजे उसाचा किंवा फळांचा रस आंबवून केलेला हा सिरका नव्हे, तर ॲसिटिक आम्लात पाणी मिसळून केलेले द्रावण. सफाईला त्याने फरक पडत नाही, कारण काम करते ते आम्लच आणि भारतीय मानकांप्रमाणे दोन्ही प्रकारांत ते किमान ३.७५ टक्के असावे लागते. तरी नैसर्गिक म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्याने आधी लेबल वाचावे.

कॅनचे पैसे वसूल झाले ते कूलरवर. आमच्या बोअरवेलचे पाणी जड आहे, आणि कूलरमध्ये पाण्याची वाफ होऊन क्षार मागेच राहत असल्याने मे महिन्यापर्यंत पंपाच्या जाळीवर आणि ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या नळीच्या छिद्रांवर पांढरा थर बसतो. पंप आणि नळी काढून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, तेव्हा बुडबुडे येऊन थर सुटू लागला (हा कॅल्शियम कार्बोनेटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड) आणि जुन्या ब्रशने उरलेले सहज निघाले. जस्ती पत्र्याच्या टाकीत मात्र व्हिनेगर भरून ठेवू नये, कारण आम्ल जस्तालाही खाते. नळांच्या तोट्यांना भिजवलेले फडके गुंडाळण्याचा उपायही उत्तम ठरला.

त्या यशाच्या भरात मी स्वयंपाकाच्या ओट्यावर तेच फवारले, ही चूक सर्वस्वी माझी. कडप्पा हा चुनखडीचाच दगड असल्याने नळावरचा थर विरघळवणारे आम्ल त्याची चकाकीही घेऊन गेले, आणि शेगडीशेजारचा तो मंद डाग आता पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जाणार नाही.

अंगणातील अनुभव संमिश्र आहे. फरशीच्या फटींतील कोवळे गवत भर दुपारी फवारल्यावर संध्याकाळपर्यंत करपले. हरळी मात्र पंधरा दिवसांत मुळांतून पुन्हा उगवली, आणि वाऱ्याने उडालेल्या थेंबांनी शेजारच्या मोगऱ्याची चार पाने जाळली.

खाण्याच्या सोड्यात व्हिनेगर मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण फेस ओसरल्यावर उरते ते बहुतांशी पाणी, कारण दोघे एकमेकांचा गुण मारतात. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच असलेल्या क्लीनरबरोबर तर ते कधीही वापरू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कॅनमध्ये अजून दोन लिटर शिल्लक आहे. ते दिवाळीच्या सफाईत नळांसाठी राखून ठेवले आहे.