शिंगाड्याचं पीठ आणि बिनधान्याचे कुरकुरीत मश्रूम

माझ्या पुतण्याला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू जन्मभरासाठी बंद. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, स्वतःच्या हौसेने सगळीच धान्यं सोडली आहेत. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, झाडून सगळी. दोघं जेवायला आली की तळणाचा एक तरी पदार्थ दोघांनाही चालेल असा लागतो, आणि कोल्हापुरात जेवायला बोलावून झणझणीत काही द्यायचं नाही म्हणजे बोलावल्यासारखं होत नाही. मश्रूम दोघांनाही आवडतात. प्रश्न फक्त वरच्या आवरणाचा होता. बाहेर मिळणाऱ्या क्रिस्पी मश्रूमला मैदा आणि कॉर्नफ्लोअर असतो. मैदा पुतण्याला नको, कॉर्नफ्लोअर जाऊबाईंना नको.

उपाय सापडला तो उपवासाच्या फळीवर. शिंगाड्याचं पीठ. मी लक्ष्मीपुरीतून अर्ध्या किलोची पाकिटं आणते, दीडशेच्या आसपास पडतात. तळणाच्या आवरणासाठी या पिठाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. कापलेला अर्धा गुण रंगाचा. बेसनाचा तो सोनेरी पिवळेपणा याला येत नाही, मळकट तपकिरी होतं. हळद घातली तरी फारसा फरक पडत नाही. ताटात बघून कुणी हरखून जाणार नाही, पण पहिला घास घेतला की बोलणं थांबतं.

बेसन का नाही, असं सगळेच विचारतात. बेसन डाळीचं, त्यामुळे दोघांनाही चालतं. पण बेसनाचं आवरण फुगतं आणि मऊ होतं. कांदाभजीला ते छान, कारण भजी कढईतून थेट तोंडात जाते. मश्रूमच्या पोटात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. तळून बाजूला ठेवले की ती वाफ आतून बाहेर यायला बघते आणि बेसन ती पिऊन बसतं. पाहुणे हात धुऊन येईपर्यंत सगळं लिबलिबीत. शिंगाड्यात पिष्टमय भाग जास्त, प्रथिनं कमी, त्यामुळे पातळ आणि कडक पापुद्रा धरतो. राजगिऱ्याचं पीठही वापरून बघितलं. ते फार लवकर काळपट होतं आणि त्याचा स्वतःचा वास मसाल्याच्या वर चढतो. थालीपिठाला राजगिरा उत्तम, इथे नको. नुसतं आरारूट लावलं तर आवरण काचेसारखं पांढरं, ठिसूळ होतं, चवीला काहीच नाही. पण शिंगाड्यात मिसळलं की मात्र मजा येते. तीन वाट्या शिंगाड्याला एक वाटी आरारूट, हे माझं प्रमाण.

उपवासाच्या फळीबद्दल एक सांगून ठेवते, कारण जाऊबाईंशी यावरून आमचा वाद झाला होता. उपवासाला चालतं म्हणजे ते धान्य नाही, असं आपण धरून चालतो. पण वरई उपवासाला चालते आणि ती चक्क भरडधान्य आहे. उपवासाच्या भाजणीत साबुदाणा, राजगिऱ्याबरोबर वरई हमखास असते. म्हणजे पुतण्याला वरई चालेल, जाऊबाईंना नाही. तेव्हा पाकिटावर ‘उपवास’ हा शब्द बघून थांबू नका, मागचे घटक वाचा. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तो दोघांनाही चालतो. पण त्याचं पीठ तळणात चिकट होतं, मला आवडलं नाही.

आता पीठ घेताना काय बघायचं. पॅकिंगची तारीख पहिली. हे पीठ आषाढी, श्रावण, नवरात्र या दिवसांत भराभर खपतं आणि बाकी वेळ दुकानात पडून राहतं. जुन्या पिठाला कोंदट वास येतो, तो तळल्यावर जात नाही, उलट वाढतो. चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळून बघा. रवाळ लागलं तर ते चाळूनच घ्या, नाहीतर आवरणात खडे लागल्यासारखं वाटतं. सुटं पीठ स्वस्त मिळतं, पण ते गिरणीतून आलेलं असतं आणि त्याच जात्यातून आधी गहू गेलेला असू शकतो. जाऊबाईंना त्याने काही होत नाही, पुतण्याला होतं. त्याच्यासाठी मी बंद पाकीट, तेही ग्लुटेन-फ्री, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेलं, असं लिहिलेलं असेल तरच घेते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे तसं लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही. सुके शिंगाडे आणून घरच्या मिक्सरवर दळण्याच्या फंदात पडू नका. दगड असतात ते, मिक्सरचं पातं जाईल.

मश्रूम बटनच घेते, दोनशे ग्रॅमचा डबा. डबा उलटा करून खालची बाजू बघायची. टोपीखालचा पडदा फाटून काळ्या पाकळ्या दिसत असतील तर मश्रूम जुने, त्यांना पाणी जास्त सुटतं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम धरलेला असेल तरी परत ठेवून द्यायचा. धिंगरी (ऑयस्टर मश्रूम) मिळाली तर आणखी चांगलं, कारण हाताने उभी फाडली की तिच्या पातळ कडा चिप्ससारख्या होतात. पण आमच्याकडे ती रोज मिळेलच असं नाही.

मश्रूम भिजवत ठेवायचे नाहीत. नळाखाली पटकन धुवायचे आणि लगेच पंच्यावर पसरून कोरडे करायचे. मोठे असतील तर दोन तुकडे, लहान तसेच. त्यांना लावायला चक्का होईल इतकं घट्ट दही घेते. त्यात आलं-लसूण वाटण, आमची चटणी (कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात), थोडे जिरं-धने भरडून, हातावर चोळलेला ओवा. तिखट मसाला सगळा दह्यातच जायला हवा, कोरड्या पिठात अजिबात नाही. पिठात राहिलेला मसाला थेट तेलात उघडा पडतो, जळतो आणि कडू होतो, शिवाय तेल काळं करतो ते वेगळंच. कांदा-लसूण मसाल्यात खोबरं आणि तीळ असतात, ते तर बघता बघता करपतात.

मीठ मात्र दह्यात घालू नका. मिठाने मश्रूमला पाणी सुटतं आणि दोन मिनिटांत दह्याचं ताक होतं. मीठ पिठात मिसळायचं. मग दह्यात घोळलेला एकेक तुकडा पिठात लोळवायचा, ताटात सुटासुटा ठेवायचा आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. पीठ ओलावा शोषून गडद दिसायला लागतं. तेव्हा पुन्हा एकदा कोरड्या पिठात लोळवून झटकायचं. ही दुसरी लोळवणी टाळली तर आवरण कढईत सुटतं आणि मश्रूम नागडे वर येतात.

तेल शेंगदाण्याचं. पिठाचा कण टाकला की लगेच वर यायला हवा, पण धूर नको. थर्मामीटर असेल तर १७५ ते १८० अंश. एका वेळी मूठभरच सोडायचे. जास्त टाकले की तेल थंड पडतं, आणि थंड तेलात हे पीठ तेल ओढतं. पहिल्यांदा मध्यम आचेवर फिकट होईपर्यंत तळून काढायचे, सगळे घाणे झाले की आच वाढवून पुन्हा मिनिटभर. दुसऱ्या तळणीत बुडबुड्यांचा आवाज बदलतो, आधी जाड खदखद असते ती बारीक चरचर होते. ती ऐकू आली की काढा. कागदावर ढीग करू नका, जाळीवर पसरा. वर आमचूर आणि काळं मीठ भुरभुरायचं.

सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, “उपवासाच्या पिठाला कांदा-लसूण लावलास? आता याला उपवासाचं म्हणू का बाटलेलं?” आणि समोरच्या ताटलीतले निम्मे त्यांनीच संपवले.

सगळ्यात जास्त फसवणूक पिठात नाही, हिंगात आहे. बाजारात डबीत मिळणारं बहुतेक हिंग बांधानी, म्हणजे हिंगाच्या चिकात गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक घालून केलेलं. घटकांत मैदा सरळ लिहिलेला असतो, पण हिंगाच्या डबीचे घटक कोण वाचतं? चाट मसाल्यातही हिंग असतं, म्हणून मी तो न वापरता आमचूर आणि काळं मीठ वेगवेगळं घालते. आमची वर्षाची चटणी आता हिंगाशिवायच होते. बेकिंग पावडरचंही तेच. तिच्यात बऱ्याचदा कॉर्न स्टार्च असतो, त्यामुळे जाऊबाईंसाठी बाद. तिची तशीही गरज नाही.

ऑनलाइन एक तयार ‘ग्रेन-फ्री फ्राय मिक्स’ही मागवून बघितलं. दोनशे ग्रॅमला अडीचशे रुपये. घटक काय, तर टॅपिओका, आरारूट, लाल तिखट, मीठ आणि लसणाची पावडर. आवरण कडक झालं, यात शंका नाही, पण तिखट सपक आणि मीठ इतकं की पुतण्या पाणी मागत राहिला. शिवाय मसाला पिठातच असल्याने कढईतलं तेल एका घाण्यात काळं. त्याच पैशात घरी चारपट पीठ होतं. पाचपैकी दोन, तेही घाईगर्दीच्या दिवसासाठी.

एअर फ्रायरमध्येही करून बघितले. वरून तेल शिंपडलं नाही तर कोरड्या पिठाचे पांढरे डाग तसेच राहतात. ब्रशने तेल लावलं तर बरे होतात, पण तो पातळ पापुद्रा येत नाही. गरम करून खाण्यासाठी मात्र एअर फ्रायर छान. उरलेले मश्रूम पाच मिनिटांत पुन्हा कडक होतात. मायक्रोवेव्हमध्ये घातले तर चामडं.

बरोबर टोमॅटो सॉस देऊ नका, गोड होतं सगळं. दह्यात लसूण आणि हिरवी मिरची वाटून थोडं दाण्याचं कूट घातलं की पुरतं. फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्यात बाहेर ठेवलं तर जाळी धरते. नवं पीठ घ्यायचं असेल तर आषाढीच्या आधीच्या आठवड्यात जा. एकादशी उलटली की दुकानदार उरलेला माल पुढे करतो.