स्लीपिंग बॅग सोडून डाऊन क्विल्ट: सात महिने, ३१ रात्री

गेल्या सात महिन्यांत ३१ रात्री या क्विल्टखाली झोपले. सगळ्यात उबदार रात्र १६ अंशांची, सगळ्यात थंड उणे ३ ची. क्विल्ट मला मनापासून आवडली आहे आणि पुन्हा स्लीपिंग बॅग घ्यायचा विचार नाही. पण पहिल्या दोन महिन्यांत मी ती विकून टाकायला निघाले होते, आणि तेव्हा दोष क्विल्टचा नव्हताच.

घेतली ती वजनासाठी. खाणं, पाणी आणि इंधन वगळून सॅकमध्ये जे उरतं ते बेस वेट. ते साडेचार किलोच्या खाली आलं की अल्ट्रालाइट, असा ढोबळ हिशोब धरतात. माझं आठच्या आसपास होतं. सगळं सामान एकेक करून काट्यावर ठेवलं, तेव्हा सर्वांत जड निघाली १३५० ग्रॅमची जुनी स्लीपिंग बॅग. ही क्विल्ट ६४० ग्रॅमची आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: ही डाऊनची, म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या मऊ पिसांची दुलईच. पायाकडे पिशवीसारखी बंद, वर मोकळी. चेन नाही, टोपी नाही आणि पाठीकडची बाजूही नाही. पाठ वगळण्यामागचा विचार पक्का आहे. ऊब पिसं देत नाहीत, पिसांत अडकलेली स्थिर हवा देते. अंगाखाली दबलेल्या डाऊनमध्ये हवा राहतच नाही, मग ते वाहायचं कशाला? माझ्या क्विल्टमध्ये ८५० फिल पॉवरचं डाऊन आहे. म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम डाऊन, फुलून जवळपास १४ लिटर जागा व्यापतं.

तिच्यावर उणे १ अंश लिहिलं आहे, म्हणजे तेवढ्या थंडीपर्यंत ती पुरावी. तिसऱ्या ट्रिपला एका ओढ्याकाठी, ३ अंशांत, रात्री दोनला मी कुडकुडत उठले. जॅकेट चढवलं, मोजे चढवले, टोपी कानांवर ओढली. काही उपयोग नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की छाती, पोट, मांड्या गरम आहेत. गार पडली आहे ती पाठ आणि कंबर. रिकामी सॅक, रेनकोट, दोरीचं वेटोळं, जे हाताला लागलं ते मॅटखाली सरकवलं आणि वीस मिनिटांत झोप लागली. अंगावर मात्र तेवढंच होतं.

तोवर मी मॅटकडे नीट पाहिलंच नव्हतं. माझी घडीची फोम मॅट, आर-व्हॅल्यू २. आर-व्हॅल्यू म्हणजे उष्णता खाली जमिनीत जायला मॅट किती अडवते त्याचं माप. जितकं जास्त तितकं चांगलं, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० हे मानक आल्यामुळे आता वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. आधी जो तो आपल्या पद्धतीने मोजायचा. मॅट घेताना हे मानक पाळलंय का ते जरूर बघा.

क्विल्टवरच्या आकड्याबद्दल तेवढी खात्री धरू नका. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ हे मानक आहे. त्यात गरम केलेला पुतळा मॅटवर, बॅगेत ठेवून मोजणी होते. क्विल्टचा आकडा बहुधा बनवणाऱ्याचा स्वतःचा अंदाज असतो, आणि तो पुरेशी चांगली मॅट खाली आहे असं धरून दिलेला असतो. मी आता लिहिलेल्या आकड्यात पाच अंश मिळवते आणि तेवढ्याच थंडीसाठी तिच्यावर विसंबते. उणे ३ च्या रात्री डाऊन जॅकेट घालून झोपले होते.

मग ४८० ग्रॅमची, ४.५ आर-व्हॅल्यूची हवेची मॅट घेतली. फोमची ४०० ची होती, म्हणजे वाढले फक्त ८० ग्रॅम. त्याच ओढ्याकाठी, तशाच थंडीत पुन्हा जाऊन झोपले आणि सकाळपर्यंत एकदाही जाग आली नाही. तरी तिथे मुक्काम करणं हीदेखील चूकच होती. गार हवा जड असते, रात्री उतरून तळाशी साचते. थोडं वर चढून झाडांखाली जागा शोधली की दवही कमी पडतं, कारण उघड्या आभाळाखाली कापड लवकर थंड होतं. यासाठी एक ग्रॅमही वाहावा लागत नाही.

हवेच्या मॅटची खोड म्हणजे भोक. एकविसाव्या रात्री ती पहाटे बसली. सकाळी पाण्यात दाबून बुडबुडे शोधले, पॅच लावला, पण उरलेली रात्र गेलीच. आता ९० ग्रॅमची पातळ फोमची पट्टी कायम बरोबर असते. दुपारी बसायला, रात्री मॅटखाली.

क्विल्टची खरी उणीव रुंदी. मी कुशीवर झोपते, गुडघे दुमडले की मागून फट पडते आणि गार वारा थेट पाठीवर येतो. क्विल्ट मॅटला धरून ठेवणारे, मॅटभोवतीचे पट्टे बांधायला मी सुरुवातीला कंटाळा करायचे. तसं करू नका, कडाक्याच्या थंडीत ते लागतातच. पट्टे मॅटला घट्ट, क्विल्टला थोडे सैल, म्हणजे वळताना क्विल्ट ओढली जात नाही. शक्य असेल तर एक माप रुंद घ्या. चाळीस-पन्नास ग्रॅमसाठी मी अरुंद घेतली याचं मला आजही वाईट वाटतं. डोक्यासाठी वेगळी जाड टोपी लागतेच.

कापड १० डेनियरचं, म्हणजे त्याचा ९००० मीटर धागा अवघ्या १० ग्रॅमचा. जपावं लागतं, पण फाटलेलं नाही. शिवणीतून एखादं पीस डोकावलं तर उपटू नका, मागून चिमटीत धरून आत ओढा. तोंड आत घेऊन श्वास सोडू नका, ओल डाऊनमध्ये मुरते. रोज दुपारच्या थांब्याला दहा मिनिटं उन्हात पसरते, आणि घरी मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवते. सात महिन्यांनी फुगवटा नव्यासारखाच आहे. धुवायची वेळ अजून आलेली नाही.

मागच्या महिन्यातल्या ट्रिपला मैत्रीण जाडजूड स्लीपिंग बॅग घेऊन आली होती आणि पहिल्या रात्री थंडीने झोपलीच नाही. तिची मॅट बोटाने दाबून पाहिली, माझ्या जुन्या मॅटसारखीच पातळ. दुसऱ्या रात्री माझी फोमची पट्टी तिच्या पाठीखाली घातली. सकाळी मी चहा करून हाक मारली तेव्हा ती गाढ झोपेत होती.