हॉलीहॉक: दुसरा उन्हाळा संपताना

हॉलीहॉक या उंच दांड्याच्या फुलझाडाच्या बियांच्या पाकिटावर दोन दावे होते: थंडी सोसणारं आणि बहुवर्षायू. पहिल्याला पैकीच्या पैकी गुण. इथे सफोकमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या पूर्व बाजूला, जानेवारीत माती दगडासारखी गोठली तरी जमिनीलगतच्या पानांचा झुबका जिवंत होता. दुसऱ्या दाव्याला अर्धेच. झाड दोन-तीन वर्षं जोमात राहतं, मग थकतं. त्याच्या आजूबाजूला पडलेलं बी उगवत राहतं म्हणून वाफा भरलेला दिसतो, एवढंच.

गेल्या जूनमध्ये पेरलं. बी बटणासारखं चपटं, दोन आठवड्यांच्या आत उगवलं. त्या वर्षी नुसती पानं. मूळ गाजरासारखं सरळ खोल जातं, त्यामुळे रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावायचं, दोन रोपांत दोन फूट तरी सोडून. कोवळ्या रोपांवर गोगलगायींचा डोळा असतो. रात्री टॉर्च घेऊन वेचायची तयारी ठेवा.

या जुलैत दांडे माझ्या डोक्याच्या वर गेले. फुलं खालून वर उमलत जातात, म्हणून बहार ऑगस्टअखेरपर्यंत पुरला. जास्वंदीच्याच कुळातली, हे पाकळ्या बघताच कळतं. भुंगे परागात लोळून पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन बाहेर पडतात. याला मानवतं ते एवढंच: दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत, दिवसभर ऊन, पाणी न साचणारी रेताड जमीन; खताचं फारसं कौतुक नाही. वाऱ्याच्या कोपऱ्यात मात्र काठीचा आधार हवाच.

आता तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. यातून सुटका नाही. आधी खालच्या पानांच्या पाठीवर नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या येतात, मग पान वाळतं. मी शेजारी शेजारी दोन प्रकार लावले होते: गेंददार दुहेरी फुलांचं 'चेटर्स डबल' आणि अंजिरासारख्या पानांचं एकेरी. दुहेरी पावसात भिजून लोंबलं, भुंग्यांनाही त्यात शिरता येईना आणि तांबेऱ्यानं ते जवळपास उघडं पडलं. अंजिरपानीवर ठिपके आले, पण झाड हिरवं राहिलं. 'चेटर्स डबल' ज्यांच्या नावाचं, ते विल्यम चेटर हे एकोणिसाव्या शतकातले, इंग्लंडातल्या सॅफ्रन वॉल्डन गावचे रोपवाटिकावाले. दक्षिण अमेरिकेतला हा तांबेरा 1873 च्या सुमारास इंग्लंडात आला आणि या फुलांच्या धंद्याचं कंबरडंच मोडलं. दीडशे वर्षं झाली, भांडण अजून तेच.

उपाय साधे: पाणी मुळाशी द्या, पानांवर नको, डागाळलेली पानं तोडून कचऱ्यात टाका, घरच्या कंपोस्टमध्ये नको, शरद ऋतूत वाळलेले दांडे बुडाशी कापा. खालचे उघडे बुंधे लपवायला पुढे लॅव्हेंडर लावलं की काम झालं.

पुण्या-नाशिककडे लावणार असाल तर ऑक्टोबरात पेरा, थंडीतलं हंगामी फूल म्हणून. उन्हाळा काढेल या भरवशावर राहू नका.

अंजिरपानीला पाचपैकी चार. दुहेरीला दोन, तेही केवळ रूपासाठी.