रात्री अडीचचा फोन: जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका अतिदक्षता विभागाविषयी

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी सुरू झाली की आमच्या गावात घरोघरी धास्ती असते. यंदा माझ्या धाकट्या भावाला विषबाधा झाली आणि आम्ही त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात नेले. तेथे नातेवाइकांना बसायला जागा अपुरी आहे, खर्चही कमी नाही. तरीही मी हे लिहितो आहे ते तेथील सिस्टर डॉक्टरांशी ज्या रीतीने बोलतात, त्यासाठी.

विषावरचे अॅट्रोपिन हे औषध चालूच होते. दुसऱ्या रात्री अडीच वाजता सिस्टरने भावाला मान उचलायला सांगितली. ती उशीवरून सुटेना. फोनशेजारी चार मथळ्यांचे कार्ड चिकटवलेले होते. त्यावर बोट ठेवत सिस्टर डॉक्टरांना फोनवर म्हणाली, "सर, सहा नंबरचा पेशंट मान उचलत नाही, श्वास मिनिटाला 32, ऑक्सिजन 89. परवा सकाळी फवारणीचे विष, अॅट्रोपिन चालू आहे. छातीत घरघर नाही, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक नाहीत. अॅट्रोपिन कमी पडत नाही, श्वासाचे स्नायू थकत आहेत असे वाटते. आपण आत्ताच यावे, मी व्हेंटिलेटर तयार ठेवते." डॉक्टरांनी दिलेली सूचना तिने शब्दशः परत म्हणून दाखवली, मग केसपेपरवर लिहिली. डॉक्टर लगेच आले आणि भाऊ वाचला.

सद्यस्थिती, पूर्वपीठिका, निष्कर्ष आणि मागणी अशा क्रमाच्या या पद्धतीला एसबीएआर म्हणतात. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतील ही रीत कायझर पर्मनेंटे या तेथील आरोग्यसंस्थेने रुग्णालयांत आणली. माझ्या मते तिचा प्राण चौथ्या मथळ्यात आहे, कारण आपल्याकडे सिस्टर "पेशंट बरा वाटत नाही, सर" एवढेच म्हणून थांबते आणि काय करावे हे सुचवणे तिला अगोचरपणा वाटतो. याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात आमच्या वडिलांच्या वेळी अशाच वाक्यावर "सकाळी बघू" हे उत्तर आले होते, आणि ती सकाळ आमच्यासाठी फार उशिरा उजाडली.

एक उणीव मात्र नोंदवलीच पाहिजे. सहाव्या दिवशी भावाला जनरल वॉर्डात हलवले, तेथे फोनशेजारी असे कार्ड नव्हते, आणि रात्री आठच्या ड्युटीवर आलेल्या सिस्टरला त्याची मान दर दोन तासांनी तपासायची आहे हे आम्हालाच सांगावे लागले. तेच कार्ड व्यवस्थापनाने त्या वॉर्डातही लावावे.