झॅबिक्स: एका गळीत हंगामाचा अनुभव

आमच्या सहकारी साखर कारखान्यात झॅबिक्स हे नेटवर्कवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर बसवले ते गेल्या ऑगस्टमध्ये, म्हणजे यंत्रे दुरुस्तीसाठी उघडलेली असतात आणि संगणक विभागालाही थोडी उसंत मिळते त्या काळात. त्यानंतर गव्हाणीत पहिली मोळी पडल्यापासून पट्टा पडेपर्यंतचा सगळा हंगाम या प्रणालीवर विसंबून काढला. अशा सॉफ्टवेअरबद्दल पहिल्या आठवड्यात लिहिलेली मते बहुधा पडद्यावरच्या आलेखांची असतात. ऊस येऊ लागल्यावर, रात्री दोन वाजता, ते काय करते हे पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

आमच्याकडे देखरेखीखाली सुमारे १४० उपकरणे आहेत: कार्यालयातील आणि गोदामातील स्विच (नेटवर्कची उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या), कॅमेरे, तीन सर्व्हर, वजनकाट्यांच्या केबिनमधील संगणक आणि रेडिओ लिंकने किंवा स्थानिक इंटरनेटने जोडलेली नऊ गट कार्यालये. सहवीजनिर्मितीच्या टर्बाइनचे नियंत्रण-जाळे मुद्दाम यात घेतलेले नाही; ते वेगळे आहे आणि वेगळेच राहावे, असे माझे मत आहे. या सगळ्यात सर्वांत नाजूक जागा वजनकाट्याची. तिथला संगणक पाच मिनिटे सर्व्हरपासून तुटला, तर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि शेती अधिकाऱ्यांचा फोन माझ्याकडे येतो.

झॅबिक्स बनवणारी कंपनी लाटव्हियाची राजधानी रिगा येथील आहे. अलेक्सेई व्लादिशेव यांनी १९९८ मध्ये एका बँकेत काम करताना अंतर्गत गरजेसाठी हे काम सुरू केले, २००१ मध्ये ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले आणि २००५ मध्ये कंपनी स्थापन झाली. सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत असून कंपनीचे उत्पन्न तांत्रिक साहाय्याचे करार, प्रशिक्षण अशा सेवांमधून येते. जून २०२४ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून परवाना जीपीएलऐवजी एजीपीएल (हाही मुक्तच, पण थोडा कडक) झाला. आपल्या कारखान्यात, आपल्याच वापरासाठी बसवणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. आम्ही हीच आवृत्ती घेतली, कारण ती दीर्घकालीन साहाय्याची आहे आणि दर हंगामात सर्व्हर बदलण्याची हौस आम्हाला नाही.

बसवण्याचे काम एका दिवसात झाले. बहुतेक प्रचलित स्विच आणि राउटरसाठी काय मोजायचे याचे तयार साचे, म्हणजे टेम्पलेट, मिळतात. उपकरणाचा पत्ता आणि एसएनएमपीची (उपकरणाची स्थिती दुरून वाचण्याच्या प्रमाणित पद्धतीची) ओळख दिली, की त्यावरचे पोर्ट (केबल जोडण्याच्या जागा) प्रणाली स्वतःच शोधून काढते आणि प्रत्येक पोर्टची वाहतूक, चुका आणि चालू-बंद स्थिती नोंदवू लागते. इथे बरेच जण फसतात आणि मीही फसलो. दुसऱ्या दिवशी पडदा भरून आलेख दिसत होते, मुख्य लेखापालही पाहून गेले आणि काम संपले असे वाटले. प्रत्यक्षात ते सुरूही झाले नव्हते.

झॅबिक्सला मोजता सगळे येते. त्यातले महत्त्वाचे काय हे मात्र त्याला आपण सांगावे लागते. एखादे मूल्य किती झाले आणि किती वेळ तसे राहिले म्हणजे बिघाड समजायचा, याच्या नियमाला तिथे ट्रिगर म्हणतात. सुरुवातीला मी स्वतः लिहिलेला नियम भोळा होता: पिंगला, म्हणजे उपकरण जागे आहे का हे पाहणाऱ्या हाकेला, उत्तर नाही आले, की इशारा. परिणामी पहिल्या पंधरवड्यात टेलिग्रामवर इतके संदेश आले, की रात्रपाळीच्या सहकाऱ्याने तो गट म्यूट करून टाकला. त्याला दोष देता येणार नाही. नंतर नियम बदलला. लागोपाठ तीन वेळा उत्तर नाही आले तरच उपकरण बंद समजायचे; रेडिओ लिंकवर पाच मिनिटांची सरासरी गळती (वाटेत हरवणारा डेटा) वीस टक्क्यांवर गेली तर इशारा द्यायचा, पण ती सलग दहा मिनिटे पाच टक्क्यांखाली राहिल्याशिवाय तो मागे घ्यायचा नाही. इशारा सुरू होण्याची आणि संपण्याची अट वेगवेगळी ठेवता येते, ही सोय मला या प्रणालीतली सर्वांत उपयोगी वाटली, कारण काठावर हेलकावे खाणारी लिंक त्यामुळे दर मिनिटाला ओरडत नाही.

गंभीरतेच्या सहा पायऱ्या दिलेल्या आहेत. आम्ही त्यांतल्या वरच्या दोनच रात्री माणसाला उठवण्यासाठी ठेवल्या आणि सर्वांत वरची फक्त काट्यासाठी राखली. आधी रात्रपाळीच्या सहकाऱ्याला संदेश जातो आणि पंधरा मिनिटांत त्याने दखल घेतल्याची नोंद केली नाही, तर मला. गट कार्यालयाची रेडिओ लिंक गेली की तिच्यामागची सगळी उपकरणे एकदम बंद दिसतात. म्हणून त्यांचे ट्रिगर लिंकच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवावे लागतात, म्हणजे दहा संदेशांऐवजी एकच येतो. मात्र हे अवलंबित्व थेट उपकरणांमध्ये जोडता येत नाही, ट्रिगरांमध्येच जोडावे लागते. त्यामुळे नऊ कार्यालयांसाठी हे काम कंटाळवाणे झाले.

आता दोन नंबरच्या काट्याविषयी. गेली दोन वर्षे तिथला संगणक अधूनमधून दोन-तीन मिनिटे तुटत असे आणि ‘नेट गेले’ या दोन शब्दांत चौकशी संपत असे. काट्याचे सॉफ्टवेअर देणारे आमच्या नेटवर्ककडे बोट दाखवत, आम्ही त्यांच्याकडे. डिसेंबरमध्ये झॅबिक्सच्या इतिहासात पाहिले, तेव्हा प्रत्येक वेळी केबिनमधल्या स्विचचा चालू-कालावधी शून्यापासून सुरू झालेला आढळला. म्हणजे लिंक तुटत नव्हती, स्विचच बंद पडून पुन्हा सुरू होत होता. ती चौदा वेळांची यादी घेऊन मी विद्युत विभागात गेलो आणि त्यांच्या नोंदवहीशी ताडून पाहिली. कारखान्याचा पुरवठा टर्बाइनवरून ग्रीडवर किंवा उलट फिरवला गेला, त्याच वेळा होत्या. केबिनमधल्या लहान यूपीएसचा हिरवा दिवा लागत होता, पण बॅटरी कधीच संपलेली होती. नव्या बॅटऱ्या बसवल्यापासून पट्टा पडेपर्यंत तो स्विच एकदाही बंद पडला नाही. जाता जाता: हा चालू-कालावधी एसएनएमपीमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागात, ३२ बिटांच्या आकड्यात मोजला जातो, त्यामुळे ४९७ दिवसांनी तो आपोआप शून्यावर येतो आणि खोटा इशारा मिळू शकतो. आमच्याकडची वीज एखाद्या उपकरणाला तो मान मिळू देईल असे वाटत नाही.

याच ३२ बिटांनी दुसरीकडे मात्र खरोखर छळले. गोदामातला एक जुना स्विच फक्त एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत बोलतो आणि त्या आवृत्तीत ६४ बिटांचे मोजमाप नाही. एक गिगाबिटची लिंक पूर्ण भरून वाहत असेल, तर ३२ बिटांचा बाइटमापक सुमारे ३४ सेकंदांत फिरून पुन्हा शून्यावर येतो. मिनिटाला एकदा वाचणाऱ्याला तो मध्ये किती वेळा फिरला हे कळणे शक्य नसते. नवे मूल्य जुन्यापेक्षा कमी आले की झॅबिक्स तो फरक टाकून देते, पण फिरून पुढे गेलेला आकडा त्याला खराच वाटतो. दोन आठवडे मी त्या आलेखावर विश्वास ठेवून ‘गोदामात फारशी वाहतूक नाही’ असे सांगत होतो. शेवटी स्विच बदलला.

साठवणुकीचा अंदाजही माझाच चुकला. ७,२०० बाबी मिनिटाला एकदा मोजायच्या, तर सेकंदाला १२० आणि दिवसाला एक कोटीहून अधिक नोंदी होतात. एका आकड्याच्या नोंदीला सुमारे ९० बाइट धरले, तरी रोजचे ९३० एमबी. नोव्हेंबरच्या अखेरीस डिस्क भरत आल्याचा इशारा झॅबिक्सनेच झॅबिक्सच्या सर्व्हरबद्दल दिला. मग रिकामे पोर्ट गाळणीने वगळले, कॅमेऱ्यांच्या वाहतुकीची मोजणी पाच मिनिटांवर नेली, तपशीलवार इतिहास तीस दिवसांचा ठेवला आणि तासागणिक किमान, कमाल व सरासरीचा गोषवारा दोन वर्षांचा. मागच्या हंगामाशी तुलना करायला तो गोषवारा पुरतो.

गट कार्यालयांपैकी चार ठिकाणी स्थानिक इंटरनेट आहे आणि बाहेरून तिथे पोहोचता येत नाही. तिथे लहान संगणकावर झॅबिक्सचा प्रॉक्सी, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या वतीने तिथेच मोजणी करणारा भाग, ठेवला. तो स्वतःहून मुख्य सर्व्हरशी (१००५१ या नेटवर्क-पोर्ट क्रमांकावर) बोलतो आणि लिंक गेली तर मोजलेले सांभाळून ठेवून नंतर पाठवतो. मूळ मांडणीत ही साठवण एका तासाची असते. आम्ही ती चोवीस तासांची केली, कारण आडगावात लिंक गेली की ती तासाभरात येईलच असे नाही.

खर्चाचे म्हणाल तर परवान्याचे शून्य. पीआरटीजीसारखी प्रणाली सेन्सरच्या, म्हणजे मोजायच्या बाबींच्या, संख्येवर पैसे घेते आणि शंभर सेन्सरपर्यंत मोफत असते. दोन-तीन स्विच असलेल्या कार्यालयाने तीच घ्यावी, मांडणी पुष्कळ सोपी आहे. झोहोचे ऑपमॅनेजर उपकरणांच्या संख्येवर विकले जाते. झॅबिक्समध्ये हा हिशेब नाही, पण आमच्या दोघांचे जवळजवळ दोन महिन्यांचे काम त्यात गेले आणि संचालक मंडळाला ‘फुकट’ हा शब्द सांगताना मी तेही सांगितले. ज्या संस्थेत लिनक्स आणि डेटाबेस सांभाळणारा माणूस नाही, तिथे हे बसवू नये. बसवलेच तर पहिल्याच दिवशी मूळ पासवर्ड आणि उपकरणांवरचा ‘पब्लिक’ हा एसएनएमपीचा परवलीचा शब्द तरी बदलावा.

या उन्हाळ्यात उरलेल्या तीन काट्यांच्या केबिनमध्ये नेटवर्क कार्ड असलेले यूपीएस बसणार आहेत. पुढच्या बॉयलर अग्निप्रदीपनाआधी त्यांच्या बॅटऱ्यांचे ट्रिगर लिहून, पुरवठा मुद्दाम तोडून ते तपासायचे आहेत. विद्युत विभागाने त्यासाठी सप्टेंबरमधला एक रविवार दिला आहे.